हरायची सोय नसलेली शर्यत

‘फोर्झा होरायझन ५’मध्ये साधारण बारा गाड्यांची शर्यत असते. तुम्ही बारावे आलात तरी खात्यात पैसे जमा होतात, अनुभवाचे गुण वाढतात, आणि त्या गुणांनी लेव्हल ओलांडली की एक चक्र फिरवायला मिळतं. त्या चक्रातून फेरारी निघू शकते. म्हणजे शर्यतीत शेवटचा आलेला माणूस घरी फेरारी घेऊन जाऊ शकतो. आमच्या सोलापुरात गल्लीतल्या क्रिकेटमध्येसुद्धा हे चालत नाही. तिथं पहिल्या बॉलवर आउट झालेल्याला निमूट फिल्डिंगला उभं राहावं लागतं, आणि बॉल गटारात गेला तर काढायलाही बहुतेक त्यालाच पाठवतात.

माझी तक्रार त्या फेरारीबद्दल आहे. गेम वाईट आहे असं मी म्हणत नाही. उलट गाडी चालवण्याचा आनंद देण्याच्या बाबतीत याच्या जवळपास जाणारे गेम फार थोडे आहेत. २०२१च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट क्रीडा/रेसिंग, ध्वनिरचना आणि अपंग खेळाडूंसाठीच्या सोयी असे तीन पुरस्कार मिळाले, ते योग्यच होतं. पण ज्या गेमला गाडी इतकी छान कळते, त्याला खेळ कळत नाही. खेळाडू कंटाळेल, रागावेल, गेम बंद करेल, या भीतीनं तो सतत तुमच्या हातात काहीतरी कोंबत राहतो. आणि ज्याला सगळं मिळतं त्याला कशाचंच काही वाटेनासं होतं.

ज्यांनी कंट्रोलर कधी हातात घेतला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रेसिंग गेमचे ढोबळ दोन प्रकार. एक सिम्युलेशन, म्हणजे टायर किती तापलाय, वजन कुठल्या चाकावर आलंय, सगळं खऱ्यासारखं. दुसरा आर्केड, म्हणजे भौतिकशास्त्र थोडं मऊ केलेलं, वळणावर गाडी घसरली तरी मजा यावी असं. आणि ओपन वर्ल्ड म्हणजे ठरलेल्या ट्रॅकऐवजी एक अख्खा प्रदेश. वाटेल तिकडे गाडी घाला. ‘नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड २’ (२००४), ‘टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड’ (२००६), ‘बर्नआउट पॅरडाइज’ (२००८) ही त्याच घराण्यातली थोर मंडळी. इंग्लंडमधल्या प्लेग्राउंड गेम्सनं २०१२ साली पहिला ‘होरायझन’ काढला. मग फ्रान्स-इटली, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन असं फिरत नोव्हेंबर २०२१मध्ये ते मेक्सिकोत पोचले. हाच पाचवा भाग.

आधी कौतुक करतो, कारण ते मनापासूनचं आहे.

गेम सुरू होतो तेव्हा मालवाहू विमानाच्या पोटातून गाडी खाली पडते आणि तुम्ही ज्वालामुखीच्या उतारावर असता. काही मिनिटांत बर्फ, वाळवंटी वादळ, जंगल आणि समुद्रकिनारा, एकेका गाडीतून एकेक. नंतर कधीही नकाशाच्या सर्वांत उंच टोकावरून, ग्रान काल्देराच्या माथ्यावरून, गाडी खाली सोडा. डांबरावरून मातीत उतरताना हातातल्या कंट्रोलरची थरथर बदलते. पाऊस पडून गेलेल्या रस्त्यावर मागचं चाक जरासं सुटतं आणि तुम्ही ते सावरता. ते सावरणं इतकं गोड आहे की त्या एका क्षणासाठी शंभर जीबीहून मोठं डाउनलोड रात्रभर लावून ठेवणं परवडतं. ग्वानाह्वातो नावाचं खरं शहर आहे, पूर्वीच्या नदीच्या पात्रातून काढलेल्या भुयारी रस्त्यांसाठी प्रसिद्ध. गेममध्ये त्या बोगद्यांत शिरलं की इंजिनाचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो. मी तिथं शर्यत वगैरे न लावता नुसता आत-बाहेर करत बसलोय.

दुसरं कौतुक जास्त महत्त्वाचं. ज्यांची बोटं झटपट हलत नाहीत त्यांच्यासाठी अख्ख्या गेमचा वेग कमी करता येतो. मार्च २०२२पासून गोष्टीच्या दृश्यांत सांकेतिक भाषेतले दुभाषे दिसतात. ब्रेक, स्टिअरिंग, गिअर यांतली कुठली मदत घ्यायची आणि कुठली नाही, ते खेळाडू ठरवतो. त्यामुळे माझा पुढचा वाद ‘गेम सोपा का केला’ असा कुणी वाचू नये. दार रुंद असलंच पाहिजे. दारातून आत आल्यावर घरात काय आहे, हा माझा प्रश्न आहे.

घरात आहे ते चक्र. लेव्हल वाढली की चक्र, अमुक घर विकत घेतलं की चक्र, एखाद्या गाडीत कौशल्याचे गुण खर्च केले की चक्र. त्यातही सुपर चक्र आलं तर एका फेरीत तीन बक्षिसं. चक्रातून कधी कोट्यवधींची गाडी निघते, कधी पँट, कधी हॉर्नचा नवा आवाज. (हॉर्नचा आवाज बक्षीस म्हणून देणाऱ्यांनी एकदा संध्याकाळी सात रस्त्याला येऊन उभं राहावं. तिथं तो फुकट मिळतो.) चक्र फिरवायला खरे पैसे लागत नाहीत, हे न्यायानं सांगायला हवं. जुगार म्हणून तो कुणाचा खिसा कापत नाही. कापतो ती वेगळीच गोष्ट.

कुठली, ते सांगतो. आमच्या घरात पहिली चारचाकी आली ती सेकंडहँड मारुती ८००. मागचा दरवाजा आतून उघडायचा नाही, एसी नावापुरता. तरी ती आली त्या दिवशी आईनं औक्षण केलं, चारही चाकांखाली लिंबं ठेवली, वडील ती पहिल्या गिअरवर सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत घेऊन गेले आणि येताना अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. तुमच्याही घरी थोड्याफार फरकानं हेच झालं असेल. त्या पेढ्यांमागे किती वर्षांची बचत होती, ते घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणून त्या न उघडणाऱ्या दरवाजाचंही कौतुक होतं.

होरायझन ५मध्ये पहिल्याच दिवशी पाचशेहून जास्त गाड्या होत्या आणि नंतर वाढतच गेल्या. माझ्या गॅरेजमध्ये दीडशेच्या वर आहेत. त्यातल्या निम्म्याहून अधिक मी एकदाही बाहेर काढलेल्या नाहीत. कुठली कधी आली, कशी आली, आठवत नाही. गाडीवर प्रेम करणाऱ्यांनी बनवलेला हा गेम गाडीला खाऊच्या पुडीइतकी स्वस्त करून टाकतो. हे त्याचं सर्वांत मोठं अपयश आहे आणि ते त्याच्या यशाच्या पोटातून आलेलं आहे. गाड्या इतक्या सुंदर बनवल्यात की त्या वाटून टाकल्याशिवाय राहवत नाही.

आता माझ्या पिढीच्या बहुतेकांना पाठ असलेला गेम घेऊ. ‘नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड’, २००५. सोलापुरात आम्ही तो सायबर कॅफेत खेळलो. सीडी कुठून आली ते विचारू नका. एका कॉम्प्युटरवर चार जणांचे चार प्रोफाइल, तासाचे मोजून पैसे, आणि मागं उभा असलेला पाचवा सल्ला द्यायला. तुम्हाला आठवत असेल: सुरुवातीला हातात निळी-चंदेरी बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर असते. रेझर नावाचा इसम दगाबाजी करून ती जिंकून नेतो. मग तुमच्या वाट्याला येते पुंटो, गोल्फ, कोबाल्ट असली साधी गाडी. समोर पंधरा जणांची यादी. प्रत्येकाला आव्हान द्यायचं तर आधी ठरावीक शर्यती जिंका, पोलिसांना ठरावीक त्रास द्या, डोक्यावरचं इनाम वाढवा. पंधराव्यापासून पहिल्यापर्यंत. रेझर पहिला. तुमचीच गाडी घेऊन बसलेला.

आणि त्यात हरायची सोय होती. पोलिसांनी पकडलं की दंड. पुन्हा पुन्हा पकडलं की गाडी जप्त. माझ्या मित्राची गाडी अशीच गेली, तेव्हा त्याचे शेवटचे दहा रुपये संपले होते आणि पुढचं कॅफेतलं दर्शन पुढच्या रविवारी होतं. आठवडाभर शाळेत तो त्या गाडीचं सुतक पाळत होता. पुढं त्यानं एम३ परत मिळवली तेव्हा कॅफेतली सगळी पोरं खुर्च्या सोडून त्याच्या मागं उभी होती. आज त्याला विचारा, होरायझनमध्ये तुझ्याकडे एम३ आहे का? तो म्हणतो, “असंल बे, बघावं लागंल.”

मोस्ट वाँटेड निर्दोष नव्हता. विरोधक रबरानं बांधल्यासारखे मागून येऊन चिकटायचे. तुम्ही कितीही छान चालवा, शेवटच्या वळणावर ते हजर. त्याच त्या शर्यती फिरून फिरून यायच्या. गाड्यांची हाताळणी होरायझनच्या पासंगालाही पुरत नाही. जुनं ते सोनं म्हणून मी हे सांगत नाहीये. एका गोष्टीपुरतं सांगतोय: त्या गेमला माहीत होतं की मिळवायचं असेल तर आधी काहीतरी नसावं लागतं.

बरं, ही अक्कल खुद्द होरायझनकडेही होती. २०१२च्या पहिल्या भागात तुम्ही कुणीच नसता. जुन्या फोक्सवॅगन कोराडोमधून कोलोराडोतल्या उत्सवाला येता, लोकप्रियतेच्या यादीत २५०व्या क्रमांकावर. मनगटावर एकेका रंगाचा पट्टा मिळवत वर चढायचं आणि शेवटी डेरियस फ्लिंट या मिजासखोर विजेत्याशी गाठ. पाचव्या भागात मात्र विमानातून पडल्या क्षणापासून सगळे तुम्हाला सुपरस्टार म्हणतात. अजून एक शर्यत लागायची आहे आणि हारतुरे चालू. आपल्याकडे निवडणुकीच्या आधीच ‘भावी आमदार’चे फ्लेक्स लागतात, तसं.

मित्राशी यावर माझं बरंच वाजलं. तो म्हणाला, “अबे, गेमच हाय की. दिवसभर काम करून डोकं फुटायची वेळ येती. घरी येऊन अजून परीक्षा देऊ का?” या म्हणण्यात दम आहे, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

पहिली गोष्ट, आराम आणि बक्षीस हे एकच नाही. आराम करायचा तर संध्याकाळच्या उन्हात समुद्रकाठानं गाडी चालवा. होरायझन ते उत्तम देतो आणि त्याला माझा विरोध नाही. पण तो तिथंही तुम्हाला शांत बसू देत नाही. कुंपण मोडलं, गुण. दिव्याचा खांब पाडला, गुण. समोरच्या गाडीला घासून गेलात, गुण. पडद्याच्या मध्यभागी आकडे उसळत राहतात. आराम करणाऱ्या माणसाच्या तोंडात कुणी सतत पेढा कोंबत नाही.

दुसरं उत्तर लोक देतात: अवघडपणा वाढव, रिवाइंड बंद कर. रिवाइंड म्हणजे वळणावर आपटलात की एक बटण दाबून काही सेकंद मागं जायचं आणि काही घडलंच नाही असं पुन्हा चालवायचं. हो, हे बंद करता येतं. विरोधक ‘अजिंक्य’ पातळीवर नेता येतात, त्याबद्दल काही टक्के जास्त पैसेही मिळतात. पण ज्या पैशानं घ्यायच्या गाड्या आधीच फुकट पडून आहेत, ते पैसे जास्त मिळून करायचं काय? अवघड पातळीवर जिंकलेल्याला गेमच्या जगात वेगळं काही घडत नाही. कुणी चिडत नाही, कुणी मान देत नाही, कुठलं बंद दार उघडत नाही.

आम्ही कोड लिहिणारे लोक स्टेजिंग आणि प्रॉडक्शन असा फरक करतो. स्टेजिंग म्हणजे तालमीची जागा. तिथं सर्व्हर पाडा, डेटा उडवा, काही बिघडत नाही. प्रॉडक्शन म्हणजे जिथं खरी माणसं आहेत. तिथं शुक्रवारी संध्याकाळी बटण दाबताना हात थरथरतो. स्टेजिंग हवंच, नाहीतर माणूस शिकणार कुठं? पण ज्याच्याकडे फक्त स्टेजिंग आहे आणि प्रॉडक्शन कधीच येणार नाही, त्या प्रोजेक्टवर काम करून बघा. दोन महिन्यांत माणूस राजीनामा टाकतो. होरायझन ५ हे जगातलं सर्वांत देखणं स्टेजिंग आहे.

हाच सैलपणा तिथल्या जमिनीलाही आहे. नकाशावर शेतं आहेत, दगडी बांध आहेत, निवडुंगाची रानं आहेत. दोनशेच्या वेगानं शेतात घुसा. पीक आडवं होतं, बांध बिस्किटासारखा फुटतो, गाडीला ओरखडा आला तर आला. पहिल्यांदा मजा वाटते. मग मला मंगळवेढ्याची ज्वारी आठवायला लागली. आमच्या मावशीच्या शेतात नुसती बकरी शिरली तर ती काठी घेऊन बांधावर येते. मेक्सिकोतल्या या शेतांवर बाहेर येऊन शिव्या घालायला कुणी नाही. रस्त्यांवर चालणारी माणसं जवळपास नाहीतच. असतात ती शर्यतीच्या कडेला, टाळ्या वाजवायला. अख्खा देश आहे आणि त्यात तुम्हाला ‘नाही’ म्हणणारं कुणी नाही.

उत्सव म्हणजे काय, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. जानेवारीत संक्रांतीला आमच्याकडे सिद्धरामेश्वराची गड्डा यात्रा असते. सात नंदीध्वज निघतात, शहरातल्या ६८ लिंगांना प्रदक्षिणा होते, होम मैदानावर पाळणे लागतात. तो उंच, जड नंदीध्वज पेलायला कितीतरी दिवस आधीपासून सराव करावा लागतो. हौस आली म्हणून कुणी जाऊन उचलत नाही. मैदानाच्या एका कोपऱ्यात मी लहानपणी ‘मौत का कुआँ’ बघितलाय. लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवर फटफटी गोल गोल चढते. पायाखालच्या फळ्या थरथरतात, पेट्रोलचा वास येतो आणि वर उभे असलेले आपण श्वास धरतो. तो माणूस पडू शकतो, म्हणून ती नजर हटत नाही. होरायझनच्या उत्सवात फटाके आहेत, संगीत आहे, झेंडे आहेत. श्वास धरायला लावणारं काही नाही.

एक अपवाद नोंदवतो, कारण तो माझ्याच बाजूचा आहे. गेममध्ये ‘व्होचो’ नावाची छोटी कथामालिका आहे. व्होचो म्हणजे मेक्सिकोत फोक्सवॅगन बीटलला दिलेलं लाडाचं नाव. जगातली शेवटची जुनी बीटल २००३ साली मेक्सिकोतल्याच पुएब्ला इथल्या कारखान्यातून बाहेर पडली. आपल्याकडे लुना आणि चेतकचं जे स्थान, ते तिथं तिचं. त्या कथेत एका हळू, गोलमटोल, खडखडणाऱ्या गाडीला आठवणी आहेत, माणसं आहेत, तिच्यावर जीव लावणारं कुटुंब आहे. अख्ख्या गेममध्ये मला गाडी दिसली ती तिथं. बाकी सगळीकडे गाड्यांचा साठा दिसला. म्हणजे बनवणाऱ्यांना कळत नाही असं नाही. कळतं, पण धीर होत नाही.

धीर का होत नाही? इथं मी माझ्या धंद्याबद्दल बोलतो. अ‍ॅप बनवणाऱ्या कुठल्याही ऑफिसात एक आकडा भिंतीवर टांगलेला असतो: आज आलेला माणूस उद्या परत आला का? आठवड्यानं आला का? या आकड्याला रिटेन्शन म्हणतात, आणि तो पडला की मीटिंगमध्ये सगळ्यांचे चेहरे पडतात. माणूस परत यावा म्हणून दोन रस्ते असतात. एक, त्याला परत यावंसं वाटेल इतकी चांगली गोष्ट बनवा. दुसरा, न आल्यास काहीतरी बुडेल अशी व्यवस्था करा. पहिला रस्ता अवघड आणि मोजायला कठीण. दुसरा सोपा, दोन आठवड्यांत बनतो, आणि आकडा लगेच हलतो.

होरायझननं पहिला रस्ता बांधला आणि मग दुसऱ्यावर जाऊन टोलनाका लावला. दर आठवड्याला गेममधला ऋतू बदलतो. त्याबरोबर कामांची नवी यादी येते आणि त्या यादीपाठी अमुक गाडी. याच आठवड्यात कामं पुरी करा, नाहीतर ती गाडी गेली. पुन्हा कधी येईल ते त्यांच्या मर्जीवर. वाळवंटात पाऊस पडताना बघायची मजा होती, त्याची हजेरी झाली. मी असे लोक ओळखतो जे गुरुवारी रात्री “या आठवड्याचं उरकून टाकतो” असं म्हणतात. उरकणं हा शब्द आपण भांड्यांसाठी वापरतो.

तुम्ही रेसिंग गेम खेळत नसाल, तरी हे चक्र तुमच्या खिशात आहे. किराणावाल्याला ऐंशी रुपये पाठवले की फोनवर स्क्रॅच कार्ड उगवतं. घासलं की ‘पुढच्या वेळी प्रयत्न करा’. भाषा शिकवणारं अ‍ॅप सलग किती दिवस आलात त्याचा हिशेब ठेवतं आणि एक दिवस चुकला की रडवेलं तोंड करतं. पैसे पाठवणं, शब्द शिकणं, गाडी पळवणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या तिन्हींवर एकच झगमगतं चाक बसवलंय, आणि ते बसवणाऱ्यांत माझ्यासारखे इंजिनिअर आहेत. म्हणून एका गेमवर एवढं लिहावंसं वाटलं. जिथं काही धोका नाही, कुणाचं नुकसान नाही, अशा खेळातही आपण माणसाला नीट हरू देऊ शकत नसू, तर हरण्यातून उठायचं कसं हे तो कुठं शिकणार? क्लासवाले, कंपन्या आणि रिझल्ट लावणारे काही ते हळुवारपणे शिकवत नाहीत.

आणि एवढं ओंजळीत ओतलेलं सगळं आपलं तरी असतं का? चौथा भाग १५ डिसेंबर २०२४ला दुकानांतून काढून टाकला गेला. त्याआधीचे तिन्ही भाग तसेच गेले. गाड्यांचे, गाण्यांचे परवाने ठरावीक मुदतीचे असतात, मुदत संपली की विक्री बंद. आधी घेतलेल्यांना तो खेळता येतो, एवढी माणुसकी आहे. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या ओपन वर्ल्ड रेसिंग गेमचं तर ३१ मार्च २०२४ला सर्व्हरच बंद झालं. पैसे देऊन घेतलेल्यांनाही तो उघडेना. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात तिच्या अर्जानं दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. सायबर कॅफेतला मोस्ट वाँटेड मात्र जुन्या लॅपटॉपवर अजून चालतो. जे कमवावं लागलं नाही आणि जे ठेवताही येत नाही, त्याला गॅरेज म्हणायचं की शोरूमची काच?

कुणी म्हणेल, टीका सोपी आहे, तू काय बनवशील ते सांग. सांगतो. मला सोलापूरचा नकाशा द्या.

जानेवारीतली रात्र. पंढरपूरकडून उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतोय. पुढं फुल आवाजात गाणं, मागं एकही लाल दिवा नाही. त्याला ओलांडायचं की मागं राहायचं, हा निर्णय कुठल्याही ज्वालामुखीच्या उतारापेक्षा भारी आहे. विजापूर रोडवर पट्टे न मारलेला गतिरोधक, जो फक्त तिथल्या माणसाला माहीत असतो. म्हणजे तुम्हाला रस्ता पाठ करावा लागेल, आणि पाठ केल्याचा फायदा मिळेल. एप्रिलची दुपार, पारा ४२ च्या वर, इंजिन तापतंय, रेटायचं की झाडाखाली थांबायचं? सुरुवातीला हातात जुनी मारुती, मागचा दरवाजा न उघडणारी. शेतात गाडी घातली तर बांधावर मावशी, आणि त्या गावातून पुढचे आठ दिवस तुमची गाडी जाणार नाही. तुळजापूरच्या घाटात आपटलात तर गॅरेजवाला चार दिवस लावेल आणि वर दोन गोष्टी ऐकवेल. आणि शेवटी, पुष्कळ वेळा हरल्यावर, एक चांगली गाडी. एकच. तिला लिंबू-मिरची तुम्ही स्वतः बांधाल.

यात मेक्सिकोइतकं सौंदर्य नसेल. तेवढा पैसा आपल्याकडच्या स्टुडिओंकडे लगेच येणारही नाही. पण गेम बनवणारे लोक आता पुण्यात आहेत. ‘इंडस’सारखा गेम तिथूनच आला. त्यांच्यापैकी कुणी उद्या रस्त्यावरचा गेम करायला बसलं, तर माझी एवढीच विनंती: होरायझनकडून टायर शिका, आवाज शिका, पावसानंतरचा चमकणारा रस्ता शिका, सांकेतिक भाषेतला तो दुभाषा नक्की शिका. चक्र तेवढं तिकडेच ठेवा.

होरायझनचा पुढचा भाग जपानमध्ये घडणार, हे २०२५च्या टोकियो गेम शोमध्ये जाहीर झालं. डोंगरातले अरुंद रस्ते, रात्रीचं टोकियो, सगळं डोळे दिपवणारं असणार याबद्दल मला शंका नाही. मी तो खेळणारही आहे. फक्त पहिल्या शर्यतीत बारावा आलो, तर मला बारावाच राहू द्या. मी पुन्हा येईन. कुणी चक्र दाखवलं म्हणून नाही, अकरावा व्हायचंय म्हणून.